चौकट गप्प का होती

बारकी अंगापिंडाने चांगली उंचपुरी होती. तळघरातल्या पाइपांखालून जाताना तिला मान लववावी लागे. पण घरातलं शेंडेफळ म्हणून भावाने लहानपणी जे नाव ठेवलं, ते चिकटलंच. पुढे तोच भाऊ प्रयोगासाठी तिच्या प्रयोगशाळेत आला, कंट्रोल रूमच्या स्पीकरवरून सगळ्यांदेखत "बारके, बीम दे" म्हणाला, आणि त्या दिवसापासून साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत ती सगळ्यांची बारकी झाली. तिनेही कधी हरकत घेतली नाही. नाहीतरी तिचं कामच बारीक करण्याचं होतं.

प्रयोगशाळेत एक मोठं यंत्र होतं. अणूंची केंद्रकं त्यात भन्नाट वेगाने पळवायची, लांबलचक नळीतून न्यायची, शेवटी एका धातूच्या पापुद्र्यावर नेऊन आदळायची आणि त्यातून काय उडतं ते मोजायचं. त्या झोताला सगळे बीम म्हणत आणि पापुद्र्याला टार्गेट. नळीत हवेचा टिपूस नसे, आणि वाटेवर बसवलेले चुंबक बीमला कधी वळवत, कधी आवळत. हे चुंबक बारकीच्या ताब्यात होते. बीम टार्गेटवर पडतो तेव्हा त्याचा ठिपका केवढा आहे, हे तपासून द्यायची जबाबदारी तिची. ठिपका मोठा झाला तर बीम टार्गेटबाहेर सांडतो, त्याच्या चौकटीवर आदळतो आणि मोजणीत नको तो कचरा मिसळतो. फारच लहान झाला तर सगळी उष्णता एका जागी गोळा होते आणि भिंगाखाली धरलेल्या कागदासारखं टार्गेट जातं. पाखरू मुठीत धरावं तसं ते काम. सैल धरलं तर उडतं, आवळलं तर मरतं. बारकीच्या मुठीत आजवर किती पाखरं सुखरूप बसली होती, हे तिला ठाऊक होतं आणि ते सांगायला ती लाजत नसे.

टार्गेटं बनवायची तिची वहिनी. आधी वहिनी नव्हती, मैत्रीण होती. एक मजला खाली टार्गेट लॅबमध्ये बसायची. भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा बारकीने त्याला जिना दाखवला आणि म्हणाली, "खाली जा, जे हवं ते तिथे मिळेल." तो गेला तो तासभर वर आलाच नाही. वर्षभरात लग्न झालं. भाऊ दूरच्या विद्यापीठात शिकवायचा आणि सुट्टीला यायचा. एरवी नणंद-भावजया एकाच फ्लॅटमध्ये राहायच्या, एकाच बसने कामावर यायच्या आणि भांडी कुणी घासायची यावरून रोज नव्याने वाद घालायच्या. बारकी म्हणायची, भावाला वाटतं बायको मिळाली, पण खरी मिळकत माझी झाली.

या खेपेला हा भाऊ, बारकीचा दादा, मोठा प्रयोग घेऊन आला होता. टार्गेट कथलाचं हवं होतं, पण साधं कथील नव्हे. कथलाच्या अणूंच्या कमी-जास्त वजनाच्या नाना जातींतली एक दुर्मीळ जात वेगळी काढलेली, चिमूटभर, उसनी आणलेली. वहिनीने ती चिमूट पोलादी पत्र्यांमध्ये धरून लाटली. कथील मऊ, जरा जास्त दाब पडला की पत्र्याला चिकटून बसतं. महिनाभर ती श्वास रोखून लाटत होती, आणि शेवटी दोन फॉइलं तयार झाली. इतकी पातळ की टेबलावर ठेवून कुणी शिंकलं तर शोधावी लागली असती.

त्यातलं पहिलं फॉइल प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी फुटलं. मोजणी झकास चालली होती आणि एकाएकी आकडे बसले. टार्गेट ज्यात बसवतात तो चेंबर उघडून पाहिला तर फॉइल मधोमध फाटलेलं.

दुपारी छोट्या मीटिंग रूममध्ये सगळे जमले. दादा, त्याचे दोन सहकारी, वहिनी आणि बारकी. साहेबही येऊन दारापाशी उभे राहिले. प्रयोगशाळेचा कारभार त्यांच्याकडे होता आणि बसून बोललं की बैठक लांबते, असं त्यांचं मत होतं.

दादाने सुरुवात केली. "फॉइल कमकुवत होतं. एक सुरकुती होती त्यात."

"सुरकुती मीच तुला दाखवली होती," वहिनी म्हणाली. "कडेला होती. फाटलंय मध्यावर."

"कडेचा ताण मध्यावर येतो."

"कागदावर येत असेल. मी इतकी वर्षं फॉइल लाटतेय, कडेला सुरकुती असली तर कडेलाच फाटतं."

दादाचा दाढीवाला सहकारी घसा साफ करत म्हणाला, "लाटताना मध्यभाग जास्त पातळ झाला असेल. माणसाच्या हाताचं काम आहे शेवटी."

वहिनीने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "जाडी मी मध्यावर, कडेला आणि चारी बाजूंना मोजली आहे. तुम्हाला दिली आहे. तुम्ही वाचली नसेल तर माझं हाताचं काम चुकलेलं नाही, तुमचं डोळ्यांचं काम राहिलंय."

साहेब हसले. दादा हसला नाही. तो बारकीकडे वळला. "बीमचं काय?"

"पडद्यावर ठिपका मोठाच दिसत होता," बारकी म्हणाली. "तूच सारखा म्हणत होतास, अजून आवळ म्हणून."

"म्हणजे बीम दाट नव्हता. मग फॉइलच." दादाने हात पसरले. "दुसरं लावू या आणि बीम अर्ध्यावर आणू. जे मिळेल ते मिळेल."

"दुसरं मिळणार नाही," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही, खुर्ची तेवढी मागे सरकवली. "पहिलं का गेलं ते मला कळल्याशिवाय दुसरं माझ्या कपाटातून हलणार नाही." आणि ती जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी फ्लॅटमध्ये तिघं जेवायला बसले तेव्हा चमच्यांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी होता. सूप निवत होतं. वहिनीने मीठ मागितलं ते बारकीकडे, दादाने पाव मागितला तोही बारकीकडे. मीठ दादाच्या कोपरापाशी होतं आणि पाव वहिनीच्या समोर.

"मी काय टपाल खातं आहे का?" बारकी म्हणाली.

 वहिनीने ताट उचललं आणि भांडी स्वतःहून घासायला घेतली, तेव्हा मात्र बारकीला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

दादा खालच्या आवाजात म्हणाला, "तू बाजू कुणाची घेणार आहेस?"

"ठिपक्याची."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला वाटतं फॉइल चांगलं होतं, तुला वाटतं वाईट होतं. मला अजून काहीच वाटत नाही. उद्याची सकाळ मला दे. टार्गेट नको, मोजणी नको. नुसता बीम आणि मी."

"उद्याची सकाळ गेली तर उरलं काय? साहेब पुढच्या गटाला बीम द्यायला टपलेत."

"साहेबांचं मी बघते. आणि दादा, चारचौघांत तिच्या हाताच्या कामावर तो दाढीवाला घसरला, तेव्हा तू गप्प बसलास. ते बरं दिसलं नाही."

 पावाचा तुकडा दादा बराच वेळ सुपात बुडवत राहिला.

साहेबांचं बघणं फार अवघड गेलं नाही. सकाळी ते गाडीतून उतरतात न उतरतात तोच बारकी पुढे जाऊन उभी राहिली. "मला दुपारपर्यंत बीम हवाय. टार्गेटशिवाय."

"टार्गेटशिवाय बीम म्हणजे नवऱ्याशिवाय वरात," साहेब म्हणाले. "कशाला?"

"आपला बीम किती मोठा आहे ते आपल्याला माहीत आहे, असं आपण समजतो. मला शंका आहे."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बारकी शंका उगाच बोलून दाखवत नसे, हे त्यांना माहीत होतं. "दुपारपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर पुढचा गट."

कंट्रोल रूममध्ये तिने खुर्ची ओढली आणि आदल्या दिवसांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून लावलं. चेंबरमध्ये टार्गेटची एक छोटी शिडी होती, मोटरने वर-खाली होणारी आणि थोडी आडवीही सरकणारी. सगळ्यात वरच्या पायरीवर पडदा, म्हणजे बीम पडला की चकाकणारा लेप दिलेली पट्टी. त्याच्याखाली रिकामी चौकट, हुबेहूब टार्गेटच्या चौकटीसारखी, फक्त मध्ये फॉइलच्या जागी भोक. आणि खाली टार्गेटची जागा, आज मोकळी. रीत अशी की आधी पडद्यावर ठिपका बघायचा, मग रिकामी चौकट आणून बीम भोकातून सरळ निघून जातो का ते तपासायचं. चौकटीला बीमची कड लागली तर मोजणी यंत्रं लगेच बोंब मारतात. मग टार्गेट.

तिने पडदा आणला, बीम सोडला. पडद्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याच्या टीव्हीवर ठिपका उमटला. शर्टाच्या बटणाएवढा, फिकट, कडा विस्कटलेल्या. जसा त्या दिवशी दिसला होता तसाच.

दादा मागे येऊन उभा राहिला होता. सवयीने म्हणाला, "केवढा पसरलाय बघ. अजून आवळ."

"आवळणाऱ्या चुंबकांचा आकडा बघ," बारकी म्हणाली. "याच बीमला मी कधीही इतकं आवळत नाही. एवढ्या आकड्याला ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा व्हायला हवा. चुंबक म्हणतात बारीक आहे, पडदा म्हणतो जाडा आहे. दोघांतला एक कुणीतरी थापा मारतोय."

"चुंबकाचं मीटर बिघडलं असेल."

"असेल. म्हणून तिसऱ्याला विचारू."

तिने शिडी वर घेतली. रिकामी चौकट बीमसमोर आली. मोजणी यंत्रांचे आकडे जवळपास शून्यावर बसले. दादाने खांदे उडवले. "त्या दिवशीही असंच होतं. चौकट स्वच्छ. म्हणजे बीम भोकातून नीट जातोय."

बारकी पडद्याचं मघाशी टिपून ठेवलेलं चित्र आणि ते शून्य यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग खुर्ची गर्रकन भावाकडे फिरवली.

"दादा, पडद्यावरचा ठिपका या भोकाएवढा आहे ना? जवळजवळ?"

"हो."

"आणि त्याच्या कडा विस्कटलेल्या आहेत. दार भरेल एवढा माणूस दारातून जातो आणि चौकटीला खांदासुद्धा लागत नाही? एवढी गप्प चौकट मी कधी बघितली नाही. थोडी तरी कुरकुर हवी होती."

 दादा हुशार माणूस होता. बहिणीचं अर्धं वाक्य ऐकून पुढचं अर्धं त्याला कळायचं, फक्त कळलेलं आवडायचंच असं नाही. "म्हणजे माणूस बारीक आहे," तो सावकाश म्हणाला. "पडदा त्याला जाडा दाखवतोय."

"बघू या."

बीम होता तिथेच ठेवून तिने शिडी परत खाली घेतली, पण एवढीच की पडद्याच्या मध्याऐवजी त्याचा खालचा कोपरा बीमखाली यावा. त्या कोपऱ्यावर सहसा कुणी बीम पाडत नसे.

टीव्हीवर एक ठिणगी पेटली. ठिपका नव्हेच, टोक. इतकं प्रखर की कॅमेऱ्याचं चित्र क्षणभर पांढरं झालं. बारकीने कॅमेऱ्यात शिरणारा उजेड कमी केला, आणखी कमी केला, तेव्हा कुठे त्याचा खरा आकार दिसला. पडद्याच्या कडेला खुणेच्या रेघा कोरलेल्या होत्या. त्यांच्याशी ताडून पाहिलं तर ठिपका एक मिलिमीटरही भरत नव्हता.

मग तिने पडदा हळूहळू पुन्हा मध्याकडे आणला. ठिणगी फिकी होत गेली, मग मधूनच विझली आणि तिच्याभोवती तेवढं फिकट कडं उरलं. तेच ते बटण.

"मधला लेप मेलाय," बारकी म्हणाली. "वर्षानुवर्षं आपण तिथेच बीम मारतोय. मधोमध चकाकायला काही शिल्लकच नाही. बीमचा गाभा पडतो तिथे अंधार, आणि बाहेरची विरळ कड तेवढी उजळते. आपण त्या कडेलाच ठिपका समजलो. तू म्हणालास आवळ, मी आवळलं. पडदा काही बारीक दाखवेना, म्हणून आणखी आवळलं. फॉइलवर आपण सुईच रोवली, दादा. तू सांगितलंस आणि मी रोवली. त्या जागी कुणाचंही फॉइल टिकलं नसतं."

  तिने शिडी पुन्हा कोपऱ्यावर नेली, पुन्हा मध्यावर आणली, म्हणजे दादाला कुठे संशय राहू नये. तिसऱ्यांदा नेणार तेवढ्यात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे. दिसलं."

"मग आता खाली जा."

"तू चल ना बरोबर."

"मी बीम सैल करते. हे माझं काम. ते तुझं."

तो गेला. खाली काय बोलणं झालं ते बारकीने ऐकलं नाही, पण वहिनीने तिला नंतर सगळं सांगितलं. असल्या गोष्टी त्या दोघींत झाकून राहत नसत. दादा टार्गेट लॅबच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "फॉइल चांगलं होतं. चूक बीमची होती. म्हणजे माझी. मीच आवळायला लावला."

वहिनी तराजूवर काहीतरी तोलत होती. तिने मान वर केली नाही. "हे मला कशाला सांगतोस? मला माहीतच होतं. काल ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोर सांग."

"सांगतो."

"आणि पडदा मला बघायचाय. स्वतःच्या डोळ्यांनी. मगच कपाट उघडेन."

ती वर आली तेव्हा कंट्रोल रूममध्ये बरीच मंडळी जमली होती. दादाने सहकाऱ्यांना बोलावून घेतलं होतं, आणि आदल्या दिवशीची बैठक जिथे मोडली तिथूनच सुरू करायची म्हणून साहेबांनाही. बारकीने शिडी कोपऱ्यावर नेली, मध्यावर आणली. दाढीवाला चष्मा काढून पुढे वाकला. दादा सगळ्यांकडे तोंड करून, स्पष्ट आवाजात म्हणाला, "काल मी फॉइल कमकुवत होतं असं म्हटलं. ते खोटं ठरलं. फॉइल जसं हवं तसंच होतं. बीम पाहिजे त्याच्या कितीतरी पट दाट होता आणि तो दाट करायला मी सांगितलं होतं. आपल्या लेखात टार्गेटबद्दल जे लिहू ते तिने दिलेल्या मोजमापांवरून, आणि तिचं नाव त्यावर असेल."

दाढीवाल्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि वहिनीला म्हणाला, "डोळ्यांचं काम राहिलं होतं, खरं आहे तुमचं."

"होतं असं," वहिनी म्हणाली. तिने विषय तिथेच सोडला, आणि पुन्हा कधी काढला नाही. तिला टीव्हीवरच्या ठिपक्यातच जास्त रस होता. "आता केवढा आहे हा?"

"अजून थोडा सैल करायचाय," बारकी म्हणाली. "तुझ्या फॉइलला किती सोसेल?"

"तीन मिलिमीटर दे. गोल दे. एका बाजूला फुगलेला नको."

"गोल म्हणजे गोल."

नणंद चुंबकांवर आणि भावजय रेघांवर, अशा दोघी कामाला लागल्या. चुंबकाने एका दिशेने आवळलं की दुसऱ्या दिशेने बीम पसरतो. इकडे दाबलं की तिकडे फुगतं, म्हणून दोन्हींकडून थोडं थोडं जुळवून घ्यावं लागतं. वहिनी सांगे, "डावीकडे कमी," बारकी बोटाच्या टोकाने बटण फिरवी. बोलणं एवढंच. दादा मागे उभा होता आणि या वेळी एकदाही "आवळ" म्हणाला नाही. ठिपका हळूहळू फुलत गेला आणि रेघांमध्ये नेमका बसला. मग बारकीने रिकामी चौकट आणली. मोजणी यंत्रांवर चार-दोन आकडे टिपटिपले. थोडीशी, हवी तेवढी कुरकुर.

"आता बोलली," बारकी म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुपार टळून गेली होती. पुढच्या गटाचा प्रमुख दारात ताटकळत उभा होता. साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चला, तुम्हाला कॉफी पाजतो. तुमचाही बीम याच पडद्यावर बघायचा होता ना? मग या लोकांचे उपकारच माना. चार दिवस उशिरा सुरू करा, पण सुईवर बसू नका." तो बिचारा काय समजायचं ते समजला आणि कॉफीला गेला.

वहिनीने कपाट उघडलं. दुसरं फॉइल काचेच्या हवाबंद भांड्यातून काढलं, चिमट्याने चौकटीत बसवलं आणि चेंबरपर्यंत स्वतः नेलं. दादा दार धरून उभा होता. झाकण लागलं, पंपांनी हवा ओढून घेतली, आणि बारकीने बीम सोडला तो पूर्ण ताकदीचा. अर्ध्यावर आणायची भाषा कुणी केली नाही.

आकडे चढायला लागले. पहिला तासभर सगळ्यांच्या नजरा तिथेच खिळल्या होत्या. दुसऱ्या तासाला दाढीवाला जांभई देऊ लागला, आणि प्रयोगशाळेत याहून चांगली खूण नसते. दुसऱ्या दिवशीही फॉइल शाबूत, तिसऱ्या दिवशीही. दादाला हवी होती ती मोजणी झाली आणि वर थोडी जास्तच झाली. चेंबर उघडला तेव्हा फॉइलवर मध्यभागी फिकट तपकिरी गोल डाग होता, वाटोळा, सगळीकडून सारखा. वहिनी फॉइल उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "गोल दिलास हं."

जुना पडदा शिडीवरून उतरला. वहिनीने तो खरवडून त्याच्यावर नवा लेप चढवला, आणि वर दोन जादा पट्ट्याही करून ठेवल्या. बारकीने साहेबांकडून नियम करून घेतला की प्रत्येक प्रयोगाआधी बीम पडद्याच्या मध्यावर आणि कोपऱ्यावर, दोन्हीकडे पाडून बघायचा, आणि दोन्ही ठिपके जुळले नाहीत तर पट्टी बदलायची. पुढच्या गटाने पहिल्याच दिवशी त्यावर कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी केली नाही.

दादा विद्यापीठात परत जायला निघाला त्या सकाळी तिघं बसथांब्यावर उभे होते. त्याच्या बॅगेत मोजणीचा सगळा ऐवज होता आणि चेहऱ्यावर परीक्षा संपलेल्या मुलाचा भाव. बस दिसायला लागली तसा तो बायकोला म्हणाला, "पुढच्या वर्षी याच कथलाची शेजारची जात हवी आहे. त्याच जाडीची दोन फॉइलं. जमेल?"

"जमेल की," वहिनी म्हणाली. "साहेबांमार्फत रीतसर विचार. बसथांब्यावर आणि जेवणाच्या टेबलावर ऑर्डर घेत नाही मी."

"नवरा म्हणून काही सवलत?"

"आहे ना. रांगेत पहिला नंबर देईन. पण रांगेतच."

दादाने मदतीसाठी बहिणीकडे पाहिलं. बारकीने त्याची बॅग उचलून बसच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "चढ लवकर, मागे लोक खोळंबलेत."